नाव काढणे

पोराला शाळेत टाकायची वेळ आली की बाप म्हणतो, ‘नाव घालून आलो.’ नवं पातेलं घेतलं की भांड्यांच्या दुकानात मशीन घेऊन बसलेल्या माणसाकडून त्यावर ‘नाव घालून’ घेतात. लग्न झालेली मुलगी नवऱ्याचं नाव लावते, उखाण्यात ते घेते. सातबाऱ्यावर वारसांची नावं चढतात. शेजारीपाजारी नावं ठेवतात. पोरगं शिकून मोठं झालं तर घराण्याचं नाव काढतं, वाया गेलं तर बुडवतं. मराठीत नावाचं इतकं काय काय होतं. पण ज्याचं नाव, त्याच्या हातात यातलं फार थोडं असतं.

यातला ‘नाव काढणे’ हा प्रयोग मला चित्रकलेच्या मास्तरांसाठीच राखून ठेवल्यासारखा वाटत आलाय. चित्र काढतात, रांगोळी काढतात, मग नावही काढता यायला हवं. या वहीत मुलांनी तेवढंच करायचं आहे. आपलं नाव घ्यायचं, त्याच्या अक्षरांखेरीज दुसरं काही वापरायचं नाही, आणि ते असं मांडायचं की वाचणाऱ्याला नाव वाचता यावं आणि बघणाऱ्याला ते कुणाचं आहे याचा अंदाज यावा. नाक-डोळे काढायचे नाहीत. अक्षरांभोवती वेलबुट्टी नको. आरसा समोर ठेवून चेहऱ्याचं आत्मचित्र काढतात, हे नावाचं.

वही लहान आणि प्रस्तावना लांबलचक, हे मला दिसतंय. पण वहीची बहुतेक पानं कोरीच आहेत, तेव्हा बोलायची जागा एवढीच.

हे सुरू झालं ते अगदी नीरस ठिकाणी. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा महाराष्ट्रातल्या बऱ्याच मुलांनी दिलेल्या असतात. त्यात भूमितीच्या जोडीला अक्षरलेखन असतं. चौकटी आखायच्या, पट्टी लावून त्यात ठोकळेबाज अक्षरं बसवायची, कडेच्या बाहेर रंग जाऊ द्यायचा नाही. चांगली शिस्त आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण अक्कलकुवा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत असाच सराव घेत असताना एक मुलगा लवकर मोकळा झाला आणि कागद उलटा करून मागच्या बाजूला कोळशाच्या तुकड्यानं आपलं नाव गिरवत बसला. पुढच्या बाजूला मी दिलेला शब्द होता, सरळ, स्वच्छ, कुणाचाही. मागच्या बाजूला नाव होतं, वाकडं आणि त्याचं. मी मार्क पुढच्या बाजूला दिले. नियमच तसा होता. कागद मात्र ठेवून घेतला.

या मुलांच्या नावांचा इतिहास जरा सांगायला हवा. सातपुड्याच्या या पट्ट्यात घरी ठेवलेलं नाव पुष्कळदा जन्मवारावरून येतं. सोमवारी झाला तो सोम्या, मंगळवारचा मंगळ्या. कुणी सणावरून, कुणी त्या वर्षीच्या एखाद्या घटनेवरून. मग पोरगं शाळेत येतं आणि दाखलखारिज रजिस्टरपुढे बसलेल्या गुरुजींना हे नाव ‘नाव’ वाटत नाही. गुरुजी त्याचं काहीतरी शुद्ध, पुस्तकी करून टाकतात. जन्मतारीख माहीत नसते, म्हणून १ जून लिहितात. आमच्या भागात १ जूनला जेवढे वाढदिवस असतात, तेवढे वर्षभरात मिळून नसतील. त्या बाबतीत मीही धुतल्या तांदळाचा नाही; उमेदीच्या काळात दोन-चार नावं मीही ‘सुधारली’ आहेत.

पुढे नाव संगणकात जातं. देशातलं पहिलं आधार कार्ड आमच्याच नंदुरबार जिल्ह्यात दिलं गेलं, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी. पंतप्रधान आले होते. नावासोबत बारा आकडे मिळाले, बोटांचे ठसे, डोळ्यांच्या बाहुल्या नोंदल्या गेल्या. तेव्हापासून आमच्याकडे नावाच्या स्पेलिंगचं एक न संपणारं प्रकरण सुरू आहे. एकाच घरातला थोरला भाऊ ‘व्ही’चा वळवी, धाकटा ‘डब्ल्यू’चा. एका कागदावरचा पाडवी दुसऱ्या कागदावरच्या पाडवीला ओळखत नाही आणि शिष्यवृत्ती अडकते. बाप मजुरी बुडवून तालुक्याला येतो, प्रतिज्ञापत्र करतो. त्यात लिहिलेलं असतं की ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत. मला ते वाक्य नेहमीच फार मोठं वाटत आलंय. इथल्या बहुतेक मुलांची दोन नावं असतात आणि दोन्ही एकाच व्यक्तीची असतात.

पडद्यावर हे नाव ज्या अक्षरांत उमटतं, त्या अक्षरांचाही एक कर्ता आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. विंडोजबरोबर आलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक र. कृ. जोशी यांनी रेखलेला. जोशी (१९३६–२००८) कवी होते, सुलेखनकार होते, जाहिरातक्षेत्रात मुरलेले होते, पुढे मुंबईच्या आयआयटीत शिकवत होते. अक्षरांची जागा, आकार, अंतर यांतूनच कविता उभी करायचे प्रयोगही त्यांनी केले. अक्षराला स्वतःचा आवाज असतो असं मानणाऱ्या त्या माणसाचं सर्वांत जास्त पाहिलं गेलेलं काम तहसील कचेरीतल्या दाखल्यांवर आहे, आणि तिथं सगळ्यांची नावं एकाच आवाजात बोलतात. यात त्यांचा काही दोष नाही. दाखल्याला तसंच बोलावं लागतं. पण दाखल्याबाहेरही मुलांना त्या एकाच आवाजाची सवय लागलीय. आता लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, मोबाइलवरचे फोटो, सगळीकडे नाव तयार साच्यातून पडतं.

बाजारपेठेतून चालत गेलं तर पूर्वी असं नव्हतं. अक्कलकुव्याच्या पाट्या हा माझा जुना अभ्यासाचा विषय. इथं देवनागरी आहे, गुजराती आहे, उर्दू आहे आणि इंग्रजी तर सगळीकडे असतंच. गुजरातची हद्द जवळ. खापरच्या पुढे रस्ता सागबाऱ्याकडे उतरला की वसावे आडनावाची माणसं ‘वसावा’ होतात. भाऊबंद तेच, भाषा तीच, पण आडनावाचा शेवट बदलतो आणि वर लिपीही. गुजराती अक्षरांना शिरोरेषा नसते. हद्द ओलांडली की नावावरचं छप्पर उडतं, असं मी मुलांना सांगतो. गावातच जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम ही १९७९ साली सुरू झालेली मोठी शिक्षणसंस्था आहे, त्यामुळे उर्दू-अरबीची उजवीकडून डावीकडे वाहणारी, खाली उतरत जाणारी अक्षरंही आमच्या मुलांना परकी नाहीत. ती रोज दिसतात. एका लहानशा तालुक्याच्या गावात एकच नाव अक्षरांना टांगून, अक्षरांना मोकळं सोडून आणि अक्षरांना वाहतं ठेवून लिहिलेलं बघायला मिळतं. मोठ्या शहरातल्या कलाशाळेला हे मुद्दाम दाखवावं लागेल. आम्हाला आठवडे बाजाराला गेलं तरी पुरतं.

माणसाचं नाव आणि त्याचं चित्र एकत्र आणायची कल्पना आमची नव्हे, आणि नवीही नव्हे. मराठी कागदपत्रांत ती शेकडो वर्षं आहे. वतनाच्या जुन्या मोडी कागदांच्या शेवटी गावच्या साक्षी असतात. लिहिता येणारा ‘दस्तुर’ करून मोकळा व्हायचा. बाकीच्यांची नावं कारकून लिहायचा आणि ज्याचं नाव तो पुढे आपली निशाणी करायचा. पाटलाची निशाणी नांगर. न्हाव्याची आरसा. ज्याचं जे हत्यार ते त्याचं चिन्ह, दोन-तीन रेघांत काढलेलं. हे कागद बघताना माझी नजर मजकुरावर टिकत नाही, त्या नांगरांवर जाते. कारकुनाची मोडी एका दमात धावते, लेखणी न उचलता. आणि शेवटी तो नांगर येतो, जड हातानं, दाबून, कधी वाकडा. कागदावर त्या माणसाचं स्वतःचं असं तेवढंच आहे. अर्थात तिथंही तो माणूस एकटा नाही. नांगर त्याचा असतो तसा जातीचाही असतो, आणि आपलं वेगळं चिन्ह निवडायची मुभा त्याला नव्हती.

गंमत म्हणजे याच ‘निशाण’ शब्दाचा एक मोठ्या घरचा भाऊबंद आहे. तुर्कस्तानच्या उस्मानी सुलतानांची सही म्हणजे तुघ्रा. सुलतानाचं नाव, बापाचं नाव आणि ‘सदा विजयी’ अशा अर्थाचा शब्द, हे सगळं एकाच आकृतीत गुंफलेलं. वर तीन उंच दांड्या, डावीकडे दोन मोठी वेटोळी. प्रत्येक सुलतान गादीवर आला की त्याचा नवा तुघ्रा तयार होई. तो काढणाऱ्या अधिकाऱ्याला म्हणत ‘निशांजी’. म्हणजे एवढ्या मोठ्या साम्राज्याचा धनी, पण त्याचंही नाव दुसराच काढायचा! त्या मानानं आमचा पाटील बरा. नांगर तरी स्वतःच्या हातानं ओढायचा.

युरोपातल्या चित्रकारांनी हे स्वतः केलं. ड्यूररनं रुंद ‘ए’च्या दोन पायांमध्ये ‘डी’ उभा केला, दारात माणूस उभा राहावा तसा. व्हिसलरनं आपल्या आद्याक्षरांचं होता होता फुलपाखरू केलं, शेपटाला नांगी असलेलं. त्याचा स्वभाव ज्यांना माहीत होता त्यांना ती नांगी लगेच पटायची. आपल्याकडे पंढरपुरात जन्मलेल्या आणि मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवून हात तयार केलेल्या हुसेन यांनी सही कधी देवनागरीत, कधी उर्दूत, कधी रोमनमध्ये केली. पण या सगळ्यांना आधी चित्रकार म्हणून नाव मिळालं होतं. पाचवीतल्या मुलाला ते नसतं, त्याला नुसतंच नाव असतं.

आता अक्षरांकडे वळतो, कारण खरं काम तिथं आहे.

रोमन अक्षरं जमिनीवर उभी राहतात. देवनागरी वरून लोंबते. शिरोरेषा आधी, तिच्याखाली अक्षर, ही गोष्ट मुलांना सांगावी लागत नाही. दोरीवर कपडे वाळत घातलेले त्यांनी पाहिलेले असतात. मी फक्त विचारतो, ‘तुझी दोरी ताणलेली आहे की सैल?’ एवढ्यावर अर्धा वर्ग कामाला लागतो. मग लक्षात येतं की काना उभा राहतो, मात्रा डोक्यावर पडते, वेलांटी छत्री धरते, उकार पाय मुडपून बसतो, रफार पिसासारखा खोचलेला असतो. जोडाक्षरात एक अक्षर दुसऱ्याच्या खांद्यावर चढतं किंवा स्वतःचा काना टाकून त्याला टेकतं. ‘ष’ला आपण पोटफोड्या म्हणतो आणि ‘श’ला शेंडीफोड्या, म्हणजे अक्षरांना अंग असतं हे मराठी शाळेला कायमच माहीत होतं, फक्त ते चिडवण्यापुरतं वापरलं गेलं.

गावाचंच नाव घ्या. मी फळ्यावर पहिला धडा त्यावरच देतो. ‘अक्कलकुवा’ लिहायला पाच ठोकळे लागतात आणि त्यात तीन ‘क’ आहेत. पहिले दोन एकमेकांत अडकलेले, तिसरा थोडा पुढे, पायाशी उकार घेऊन. कुवा म्हणजे विहीर. गावाला नाव कसं पडलं हा वाद इतिहासवाल्यांनी घालावा. मला फळ्यावर विहीर दिसते. शेवटच्या ‘वा’चा काना लांब ओढला की तो दोर होतो. ‘कु’चा उकार खाली सोडला की तो पोहरा. जोडलेले दोन ‘क’ रहाटाला लागलेली दोन माणसं. आणि मधला ‘ल’ काहीच करत नाही, तो नुसता बघत उभा आहे, प्रत्येक विहिरीवर असा एक असतोच. एवढं झाल्यावर मी डस्टरनं पुसून टाकतो. पुसलं नाही तर पुढचे तीस कागद विहिरीचेच येतात, हा अनुभव आहे.

‘ल’वरून आठवलं. मराठी ‘ल’ आणि हिंदी ‘ल’, मराठी ‘श’ आणि हिंदी ‘श’ यांच्या वळणात फरक आहे आणि संगणकावर पुष्कळदा हिंदी वळण येतं. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयानं मराठी वर्णमाला आणि अक्षरांची वळणं ठरवून दिली, तरी मुलांच्या हातात जे यंत्र असतं ते जे दाखवेल तेच त्यांना खरं वाटतं. ज्या मुलीच्या नावात ‘ल’ आहे तिला मी दोन्ही काढून दाखवतो आणि विचारतो, यातला तुझा कोणता? अजून एकीनंही ‘कुठलाही चालेल’ असं उत्तर दिलेलं नाही.

आपल्या भाषेत अक्षराकडून हे काम करवून घेणारे गुरू झाले आहेत. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांची शीर्षकं आयुष्यभर रेखली. वर्तमानपत्रातल्या दोन कॉलमांच्या जाहिरातीत नाटकाचं नाव वाचायच्या आधी नाटक हसवणार की रडवणार हे कळायचं. त्या काळात खेड्यापाड्यांतल्या कित्येकांनी ती नाटकं पाहिली नाहीत, पण ती अक्षरं पाहिली. मी त्यांतलाच. अच्युत पालव मोडीच्या अभ्यासातून आले आणि मोडीचा धावता हात देवनागरीत मिसळून त्यांनी ‘मुक्तलिपी’ घडवली. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मी वर्गात पेढे वाटले, कशाचे ते निम्म्या मुलांना कळलं नाही. बापूराव नाईक यांनी देवनागरीच्या मुद्राक्षरांवर १९७१ मध्ये तीन खंडांचा ग्रंथ लिहून ठेवलाय, तो ज्यांना मिळेल त्यांनी जरूर बघावा. या सगळ्यांचं काम दाखवून मी मुलांना एकच इशारा देतो. शेडगे नाटकाचा स्वभाव काढत होते. तू तुझा काढ.

इथं एका लोकप्रिय प्रकाराबद्दल स्पष्ट बोलतो, काही जणांना राग येईल. प्रदर्शनांत, जत्रांत, आता मोबाइलवरही, तुमचं नाव सांगा की त्यातून गणपती काढून मिळतो. अक्षरगणेश म्हणतात त्याला. कौशल्याचं काम आहे, हात सफाईदार असतो आणि भक्तीबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण ज्या कागदावर कुणाचंही नाव घातलं तरी सोंड डावीकडे वळून गणपतीच निघतो, त्याला त्या माणसाचं चित्र कसं म्हणायचं? नावातली सगळी अक्षरं देवाच्या कानासोंडेत खर्ची पडतात आणि माणूस शिल्लक राहत नाही. आमच्या वर्गात पहिल्या आठवड्यात हमखास चार-पाच गणपती येतात. मी ते परत देत नाही, भिंतीवर लावतो, आणि विचारतो, ‘हा झाला बाप्पा. तू कुठंयस?’

इथल्या मुलांना हे लवकर उमगतं याचं एक कारण मला वाटतं ते असं. या डोंगरात लिहिणं आणि चित्र काढणं या दोन गोष्टी मुळातच फार लांब नाहीत. नर्मदेच्या पलीकडे छोटाउदेपूरकडचे राठवा भिंतीवर पिठोऱ्याचे घोडे काढतात, पण काढणाऱ्याला म्हणतात लखारा, म्हणजे लिहिणारा. पिठोरा लिहितात, आणि लिहून झाला की त्यांचा पुजारी, बडवा, तो वाचतो. तिकडे डहाणूकडे वारली बायकाही लग्नाचा चौक लिहितात. म्हणजे ‘नाव काढणे’ म्हटल्यावर शहरी मुलाला जो शब्दांचा खेळ वाटतो, तो इथं रोजच्या बोलण्यात उलट्या बाजूनं आधीच आहे. शिवाय गोंदण आहे. यात्रेत मशीनवाल्यापुढे हात धरून स्वतःचं नाव गोंदवून घेतलेले बाप, काके, मामे प्रत्येक घरात सापडतात. हिरवट, फुटलेल्या कडांची ती अक्षरं, मनगटाच्या वळणावर थोडी वाकलेली, म्हातारपणी कातडीबरोबर सुरकुतलेली. पुष्कळदा त्या माणसाला ते नाव वाचता येत नाही. आकार मात्र ओळखता येतो, आणि कुठं चूक झाली असेल तर चुकीसकट.

आणि एक तांदळाचं ताट. लग्नात नवरदेव अंगठीनं तांदळात बायकोचं नवं नाव लिहितो, ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. सुंदर दिसतं. फोटोग्राफर दोनदा लिहायला लावतो. ही प्रथा मी आठवीच्या मुलींपुढे काढली तेव्हा एकीनं विचारलं, ‘सर, ती त्याचं कधी लिहिते?’ उखाणा असतो, असं मी म्हणालो. ती म्हणाली, ‘ते बोलायचं असतं.’ त्या आठवड्यात मुलींनी मुठीभर भगर घेऊन परातीत आपापली नावं काढली. कागदावर उतरवायला सांगितलं तर त्यातल्या निम्म्यांनी नकार दिला. परात हलवली की नाव जातं, तेच त्यांना आवडलं होतं. या वहीत त्यांची पानं नाहीत, म्हणून इथं सांगतो.

वहीत जी नमुन्याची पानं आहेत ती माझ्या वर्गातल्या मुलांची, नावाचा बराचसा भाग झाकून छापलेली. नाव झाकून नावाचं चित्र छापायचं म्हणजे चमत्कारिकच, पण मुलं अजाण आहेत आणि कागद कुठं फिरेल सांगता येत नाही. त्यामुळे एखादं अक्षर, एखादी शिरोरेषा एवढंच दिसेल. त्यातली तीन मला सांगावीशी वाटतात.

एका मुलानं रजिस्टरमधलं नाव मोठं, पोकळ काढलं आणि आतली पोकळी घरच्या नावानं भरली, मुंगीएवढ्या अक्षरांत, शंभरदा तरी. लांबून शाळेचं नाव दिसतं, जवळ गेलं की घरचं. मी काही सुचवलं नव्हतं. काठी गावच्या होळीला बाबा-बुध्या होऊन नाचणाऱ्यांच्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी असते, कमरेला भोपळे बांधलेले असतात. त्याचा काका नाचतो. ‘ठिपके काढायचे होते,’ तो म्हणाला, ‘पण तुम्ही म्हणालात अक्षरांशिवाय काही नाही.’

एका मुलीनं अख्ख्या कागदावर, खालच्या कोपऱ्यात, नखाएवढं नाव लिहिलं आणि बाकी कोरं सोडलं. मी तिला सांगितलं, कागद भर. परीक्षेत आम्ही वर्षानुवर्षं हेच सांगतो. तिनं दुसऱ्या कागदावर नाव मोठं केलं, मला दाखवलं, मार्क घेतले आणि बसली. तो दुसरा कागद काहीच नाही. पहिला आता माझ्याकडे नाही.

तिसरा मुलगा दर वर्षी दिवाळीनंतर आई-बापाबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जातो आणि पुढच्या परीक्षेच्या सुमारास परततो. त्याच्या नावावर निम्म्यापर्यंत शिरोरेषा होती आणि पुढची अक्षरं उघडी. मी बघतच राहिलो. अर्धं वर्ष छपराखाली, अर्धं वर्ष उघड्यावर. अर्धं नाव मराठी, अर्धं गुजराती. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना तो कागद दाखवला, त्यावर दहा मिनिटं बोललो. शेवटी त्यालाच बोलावून विचारलं. तो म्हणाला, ‘पट्टी छोटी होती सर.’ आता तो कागद वहीत घ्यावा की नाही यावर मी बराच विचार केला. घेतलाय. पट्टी छोटी होती हेही त्याच्याच आयुष्यातलं आहे.

साहित्याचं थोडक्यात. दुकानातली कट निब मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर बोरू स्वतः करा. वेळूला आमच्याकडे तोटा नाही. एक लक्षात ठेवा, इंग्रजी सुलेखनाच्या निबेची तिरकी धार ज्या बाजूला असते, देवनागरीच्या बोरूची त्याच्या उलट बाजूला लागते, नाहीतर जाड रेघ भलत्या ठिकाणी येते आणि मूल स्वतःच्या हाताला दोष देतं. कोळसा चालतो, गेरू चालतो, खडू पाण्यात बुडवून चालतो. बिबा वापरू नका. परीट पूर्वी बिब्याच्या तेलानं कपड्यांवर खुणा करत, त्या धुऊन जात नसत, म्हणून तो वापरायचा मोह मलाही झाला होता. पण बिबा उततो, हातावर फोड येतात आणि पालक शाळेत येतात. आधी तेच नाव वीस-पंचवीसदा लिहून घ्या, डाव्या हातानंही, डोळे मिटूनही. बाविसाव्या-तेविसाव्या वेळी नाव अर्थ सोडून नुसता आकार होतं, तिथून पुढे काम सुरू होतं. आणि मार्क द्यायचेच असतील तर कागद दोन हात लांब धरून द्या.

मी एकदा भिंतीवर सदतीस कागद लावले होते. एक बाप दाखल्यासाठी आला होता, अंगठा करून झाला होता, गुरुजी शिक्का शोधत होते. तेवढ्यात तो भिंतीपुढे जाऊन उभा राहिला. वाचता येत नव्हतं त्याला. बराच वेळ बघून त्यानं एका कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘हा आमचा.’ तो त्याच्या पोराचा नव्हता, त्याच्या भावाच्या पोराचा होता. दोघं एकाच बाकावर बसत, एकाच बाटलीतली शाई वापरत. मी त्याला शेजारचा कागद दाखवला. त्यानं दोन्हींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि मान हलवली. मग शिक्का सापडला, दाखला मिळाला, आणि दारातून वळून तो पुन्हा त्या पहिल्या कागदाकडेच बघत होता.